सोसण्याचें माप

सूर्या नदी जव्हारच्या बाजूच्या डोंगरांतून खालीं उतरते, धामणीच्या धरणांत कांहीं काळ अडते आणि पुढें जाऊन वैतरणेस मिळते. डहाणू तालुक्यांत चारोटी येथें मुंबई-अहमदाबाद महामार्ग तिला ओलांडतो. डहाणूहून कासा-जव्हारकडे जाणारा रस्ताहि चारोटीच्या नाक्यावरच ह्या महामार्गास छेदून जातो. जवळच विवळवेढ्याची महालक्ष्मी आहे. चैत्री पौर्णिमेस तिची यात्रा सुरू झाली म्हणजे दूरदूरच्या पाड्यांतून माणसें पायीं चालत येतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं, रविवारीं दुपारीं, उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली एक मोटार ह्या नदीवरील पुलाच्या कठड्यावर आदळली. तींत चार माणसें होतीं. मागच्या आसनांवर बसलेले दोघे मरण पावले. त्यांपैकीं एक टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री होते. पुढचीं दोघें गंभीर जखमी झालीं, पण वांचलीं. मागच्या दोघांनीं पट्टे लावलेले नव्हते असें पोलिसांनीं सांगितलें. मोटारींतील यंत्रानें नोंदलेल्या माहितीवरून, आदळण्यापूर्वीं पांच सेकंद तिचा वेग ताशीं १०० किलोमीटर होता आणि ब्रेक लावल्यावर आदळतेवेळीं तो ८९ वर आला होता, असें पुढें प्रसिद्ध झालें.

त्यानंतर महिनाभर वर्तमानपत्रांत चर्चा चालली. कोणी पुलाच्या रचनेस दोष दिला. तीन मार्गिकांचा रस्ता तेथें दोन मार्गिकांवर येतो, हें अनेकांनीं दाखवून दिलें. कोणी वेगास दोष दिला, कोणी पट्ट्याच्या आळसास. ह्या वादांत शिरण्याचा माझा अधिकार नाहीं. माझा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा. आणि त्या दिवसांत मला एक निराळाच प्रश्न सतावूं लागला. एकाच मोटारींत, एकाच क्षणीं, एकाच कठड्यावर आदळलेल्या चौघांपैकीं दोघे जातात आणि दोघें राहतात. तेव्हां माणसाचा देह किती सोसूं शकतो, हें कोणी मोजलें आहे काय? मोजलें असल्यास तें कोणाच्या देहावर मोजलें? आणि तें माप आज नेमकें कोणाच्या उपयोगीं पडतें?

मारण्यासाठीं देहाचें माप घेणें फार जुनें आहे. आपल्या गडांवर कडेलोटाच्या जागा दाखवितात. रायगडचें टकमक टोक पाहून आलेल्या प्रत्येकास त्या शिक्षेची कल्पना असते. किती उंचीवरून लोटलें असतां माणूस उरत नाहीं, एवढें ज्ञान जुन्या राजसत्तांस पुरेसें होतें. तशा उंचीवरून पडूनहि एखादा वांचला, तर ती देवाची कृपा समजून लोक हात जोडीत. तो कां वांचला, असें विचारून त्याच्या उत्तरासाठीं कागद-पेन्सिल घेऊन बसण्याची बुद्धि माणसास होण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

ही बुद्धि ज्यांना आरंभीं झाली त्यांत ह्यू डी हेवन ह्या अमेरिकन गृहस्थाचें नांव अग्रभागीं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१७ सालीं, कॅनडांत ब्रिटिशांच्या वैमानिक दलाचें शिक्षण घेत असतां त्याचें विमान दुसऱ्या विमानावर आदळून कोसळलें. तो वांचला, पण त्याच्या पोटांतील इंद्रियांस जबर इजा झाली. अंथरुणावर पडून विचार करतां करतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, ही इजा कमरेच्या पट्ट्याच्या टोकदार बकलानें केलेली आहे. विमानांची टक्कर टळली नसती; पण बकल टोकदार नसणें सहज शक्य होतें! एवढ्याशा विचारांतून एक नवें शास्त्र जन्मास आलें असें म्हणण्यास हरकत नाहीं. पंचवीस वर्षांनीं, १९४२ सालीं, पन्नास ते दीडशें फूट उंचीवरून पडून जीव वांचलेल्या माणसांचा अभ्यास त्यानें प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष आज साधा वाटतो, पण त्या वेळीं तो नवा होता. पडण्याच्या वेगानें माणूस मरत नाहीं. तो वेग किती थोड्या अंतरांत नाहींसा होतो आणि त्याचा भार देहाच्या किती भागावर पसरतो, ह्यावर त्याचें जगणें-मरणें अवलंबून असतें. खालची माती भुसभुशीत असली, किंवा छपराचा पत्रा अंगाखालीं कांहीं इंच दबला, तर तेवढे इंच जीवनमरणाचें अंतर ठरतात.

येथें थोडें गणित करूं. ताशीं ८९ किलोमीटर म्हणजे सेकंदास जवळजवळ २५ मीटर. उंचावरून सुटलेल्या वस्तूस हा वेग येण्यासाठीं तिला सुमारें ३१ मीटर, म्हणजे शंभर फूट, पडावें लागतें. चारोटीच्या सपाट पुलावरून चाललेल्या त्या चौघांचा वेग अशा रीतीनें डी हेवनच्या पन्नास ते दीडशें फुटांच्या बरोबर मध्यावर येतो. शंभर फुटांच्या कड्याच्या टोकाशीं माणूस सहसा पाय लोंबकळत सोडून बसत नाहीं. बसलाच तर कशाला तरी घट्ट धरून बसतो. मोटारींत मात्र थंड हवा असते, आसन मऊ असतें, कांचेबाहेर चिकूच्या वाड्या सावकाश मागें जातांना दिसतात. आणि आपण कड्याच्या टोकावर बसलेलों आहों हें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

डी हेवननें अपघातांतून उरलेलीं माणसें पाहिलीं. त्यानंतरच्या पिढीनें अपघात स्वतःवर ओढवून घेतले. अमेरिकन हवाई दलांतील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप ह्यानें रुळांवरून रॉकेटच्या जोरावर धांवणाऱ्या एका घसरगाडीवर स्वतःस बांधून घेतलें. १० डिसेंबर १९५४ रोजीं न्यू मेक्सिकोंतील हॉलोमन तळावर ती गाडी ताशीं ६३२ मैल वेगानें धांवली आणि सुमारें १.४ सेकंदांत थांबली. त्या थांबण्यांत त्याच्या देहावर त्याच्या वजनाच्या सेहेचाळीस पटींहून अधिक भार आला. डोळ्यांत रक्त उतरून कांहीं काळ त्यास दिसेनासें झालें. पण तो जगला आणि पुढें ८९ वर्षांचा होऊन वारला. रुंद पट्ट्यांनीं नीट बांधलेला माणूस कल्पनेपेक्षां कितीतरी अधिक सोसूं शकतो, ही गोष्ट त्यानें आपल्या हाडांमांसानें सिद्ध केली. हवाई दलाचीं माणसें विमानांपेक्षां मोटारींतच अधिक मरतात, हें पाहून त्यानें आपलें लक्ष रस्त्याकडे वळविलें. १९५५ पासून मोटारींच्या धडकेचा विचार करणाऱ्या शास्त्रज्ञांची जी परिषद भरत आलेली आहे, तिला त्याचेंच नांव आहे.

परंतु जिवंत माणसानें सोसण्यास एक मर्यादा असते. हाड मोडण्याच्या अलीकडे त्यास थांबावें लागतें. मोडण्याची सीमा शोधावयाची तर ती मृतांच्या देहांवरच शोधणें भाग होतें. डिट्रॉइटच्या वेन विद्यापीठांत हें काम १९३९ सालीं सुरू झालें. हर्बर्ट लिस्नर हा यंत्रशास्त्राचा अध्यापक आणि गुर्जियन हा मेंदूचा शल्यविशारद, अशी ही जोडी होती. दान केलेल्या मृतदेहांचीं कपाळें कठीण पृष्ठभागांवर आदळून कवटीला केव्हां चीर जाते हें त्यांनीं पाहिलें. मेंदूला बसणाऱ्या धक्क्याचा अभ्यास जनावरांवर करण्यांत आला. त्याच विद्यापीठांतील लॉरेन्स पॅट्रिक हा अध्यापक स्वतः चारशेंहून अधिक वेळां धक्क्याच्या गाडीवर बसला. लोखंडी लोलकाचे तडाखे त्यानें आपल्या छातीवर घेतले. ह्या सर्वांतून १९६० च्या सुमारास एक वक्ररेषा तयार झाली. तिचा अर्थ असा कीं, धक्का क्षणिक असेल तर डोकें पुष्कळ सोसतें. तोच धक्का लांबला तर थोडक्यानेंहि घात होतो. मोजक्या बिंदूंवरून काढलेली ती रेषा आजच्या साऱ्या नियमांच्या मुळाशीं आहे.

ह्या कामास मृतदेह लागले, ही गोष्ट आपल्याकडे ऐकणाऱ्यास अंगावर शहारा आणणारी वाटते. मृताची विटंबना हें आपल्या मनांतील मोठें पातक. पण दधीचीची कथा आपल्या लहानपणापासूनची आहे. त्यानें आपल्या अस्थि देवांना दिल्या त्या वज्र घडविण्यासाठीं, म्हणजे कोणास तरी मारण्यासाठीं. डिट्रॉइटच्या त्या अनाम माणसांनीं आपल्या अस्थि दिल्या त्या कोणास तरी वांचविण्यासाठीं. त्याच विद्यापीठांतील अल्बर्ट किंग ह्यानें १९९५ सालीं असा हिशेब मांडला कीं, मृतदेहांवरील ह्या संशोधनामुळें दरवर्षीं साडेआठ हजार माणसांचे प्राण वांचत असावेत.

वक्ररेषा हातीं आली तरी कारखानदारास ती पुरेशी नसते. त्यास एक आंकडा लागतो. १९६६ सालीं जनरल मोटर्सच्या चार्ल्स गॅड ह्यानें त्या रेषेवरून एक सूत्र बांधलें. पुढें त्यांत सुधारणा होऊन १९७२ सालीं अमेरिकन सरकारनें ‘हेड इंज्युरी क्रायटेरियन’, म्हणजे डोक्याच्या दुखापतीचा निकष, पुढें मांडला. ह्या शास्त्रांतील लोक त्यास संक्षेपानें ‘हिक’ म्हणतात. त्याची रीति वाचकांस सोप्या शब्दांत सांगतों. आदळतांना डोक्याचा वेग ज्या त्वरेनें बदलतो ती गुरुत्वाकर्षणाच्या पटींत मोजावयाची; एखाद्या अल्प अवधींतील तिची सरासरी काढावयाची; त्या सरासरीचा अडीचावा घात करावयाचा आणि त्यास त्या अवधीच्या सेकंदांनीं गुणावयाचें. निरनिराळे अवधि घेऊन जें सर्वांत मोठें उत्तर येईल तें त्या धडकेचें माप. हें माप १,००० च्या वर जातां कामा नये. सरासरी साठ पट धक्का छत्तीस मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अठ्ठाविसाव्या हिश्श्याइतका, टिकला कीं हा आंकडा १,००० वर पोंचतो. धक्का दुप्पट करून एकशेंवीस पट केला, तर त्याच आंकड्यास अवघे सहा मिलिसेकंद पुरतात. पापणी लवण्यास ह्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो.

डोक्यामागोमाग देहाच्या इतर भागांचीं मापें आलीं. छातीचा पिंजरा किती दबावा, ह्याची अमेरिकेंतील मर्यादा प्रथम ७६ मिलिमीटर होती. ती २००० सालच्या नियमांत सरासरी पुरुषाच्या पुतळ्यासाठीं ६३ वर आली. युरोपांत ती ५० होती, पुढें ४२ झाली. छाती किती दबली एवढेंच पुरेसें नसून ती किती वेगानें दबली हेंहि पाहिलें पाहिजे, हें १९८० नंतर ध्यानांत आलें. कारण हृदयासारखीं मऊ इंद्रियें हळू दाबल्यास टिकतात आणि झटक्यानें दाबल्यास फाटतात. मांडीच्या हाडावर दहा हजार न्यूटन, म्हणजे सुमारें एक टन वजनाचा भार, ही मर्यादा ठरली. मानेसाठीं आणि पायांच्या नळ्यांसाठीं निराळे निकष झाले. हीं मापें घेण्यासाठीं माणसाऐवजीं पुतळा बसवितात. त्यास सर्वत्र डमी म्हणतात. १९४९ सालीं अमेरिकन हवाई दलासाठीं बनलेल्या ‘सिएरा सॅम’पासून त्याची वंशावळ सुरू होते. १९७६ सालचा ‘हायब्रिड तीन’ हा पुतळा पुढून होणाऱ्या धडकेच्या चांचण्यांत अद्याप सर्वत्र बसतो. त्याची उंची सुमारें १७५ सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो. डोक्यांत, छातींत, मांड्यांत त्यास मोजयंत्रें असतात. बिचारा दर खेपेस मरतो, आणि किती मेला तें सांगतो!

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. १,००० हा आंकडा म्हणजे जीव वांचण्याचें अभिवचन नव्हे. त्या मापाचा धक्का बसला असतां सुमारें सहांपैकीं एका माणसाच्या डोक्यास प्राणघातक ठरण्याजोगी इजा संभवते, असें संशोधकांनीं नंतर दाखविलें. शिवाय हें माप डोकें सरळ रेषेंत आदळण्याचें आहे. डोक्यास झटक्यानें पीळ पडला असतां मेंदूस होणारी इजा त्यांत येत नाहीं, आणि तिच्यासाठीं निराळे निकष शोधण्याचें काम चालू आहे. सरकारी निकष हा समाजानें स्वतःशीं केलेला करार असतो: एवढा धोका आम्ही पत्करूं, ह्याहून अधिक नाहीं. तो करार कोणाच्या नांवें लिहिलेला आहे, हें पाहणें इतिहासकाराचें काम.

भारतांत हा करार उशिरां झाला. १ ऑक्टोबर २०१७ पासून मोटारींच्या नव्या नमुन्यांस आणि दोन वर्षांनीं सर्वच नव्या मोटारींस ताशीं ५६ किलोमीटर वेगानें पुढून आदळण्याची चांचणी सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही तारे देणारी परीक्षा सुरू झाली. ती ऐच्छिक असून तींतील पुढची धडक ताशीं ६४ किलोमीटरची आहे. १९६६ सालीं स्थापन झालेली मोटारींची संशोधनसंस्था पुण्यास आहे, आणि ह्या ताऱ्यांची व्यवस्था पाहणारी संस्थाहि पुण्यासच आहे. म्हणजे देहाच्या सोसण्याचा हिशेब ठेवणारी एक कचेरी आपल्या महाराष्ट्रांतच आहे. पण ह्या चांचण्यांत मोठ्या माणसाचे पुतळे पुढच्या धडकेच्या वेळीं बसतात ते पुढच्या दोन आसनांवर, आणि दोघांसहि पट्टा लावलेला असतो. एनकॅपच्या परीक्षेंत मागच्या आसनावर बसतात तीं मुलांच्या मापाचीं बाहुलीं, आणि तींहि नीट बांधलेलीं. पट्टा न लावतां मागें बसलेला प्रौढ माणूस ह्या साऱ्या शास्त्रांत कोठेंच नाहीं. त्याच्यासाठीं पुतळा नाहीं, त्याच्यासाठीं तारे नाहींत.

आतां पुन्हां चारोटीच्या पुलावर येऊं. मोटार ताशीं ५६ किलोमीटरनें आदळते असें धरूं. तिचें नाक चेपतें आणि पट्टा किंचित् ताणतो. दोन्ही मिळून बांधलेल्या माणसास थांबण्यास समजा नव्वद सेंटिमीटर मिळाले, तर त्याच्यावर सरासरी चौदा पट भार येतो. न बांधलेला माणूस मात्र मोटार थांबूं लागली तरी आपल्या मूळ वेगानेंच पुढें जात राहतो, आणि पुढचें आसन किंवा छताची कड त्यास भेटते तेथें दहा सेंटिमीटरांत थांबतो. त्याच्यावर येणारा भार एकशेंवीस पटींहून अधिक. मोटार तीच, वेग तोच. फरक पडतो तो ऐंशी सेंटिमीटरांचा. त्या दिवशींचा वेग तर ८९ चा होता, आणि आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे ६४ किलोमीटरच्या परीक्षेंतील आघाताच्या जवळजवळ दुप्पट आघात तेथें झाला. पट्टा लावला असता तर ते दोघे खात्रीनें वांचले असते, असें म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये. इतकेंच म्हणतां येईल कीं, ज्या मापासाठीं कित्येकांनीं आपले देह दिले, त्या मापाच्या आंत ते बसलेले नव्हते.

त्यांना दोष देण्यापूर्वीं मला स्वतःकडे पाहिलें पाहिजे. मीहि कित्येक वर्षें मागच्या आसनावर पट्टा न लावतां बसत आलों. आपल्याकडे मागचें आसन मानाचें. पाहुण्यास मागें बसवावयाचें, वडिलांस मागें बसवावयाचें, आणि मानाच्या जागीं बसलेल्या माणसास बांधून घालणें शोभत नाहीं, ही समजूत मोटारीपूर्वीं पालखींतून आणि मेण्यांतून आपल्या रक्तांत उतरलेली आहे. कायदा मात्र निराळें सांगत होता. १९८९ च्या केंद्रीय नियमांत मागच्या आसनांवरील माणसांनींहि पट्टे लावावे असें आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें त्याच्या उल्लंघनास हजार रुपये दंड ठरला. तो नियम किती जणांस ठाऊक होता? चारोटीच्या अपघातानंतरच त्याची आठवण झाली, आणि १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईच्या पोलिसांनीं तो अमलांत आणण्याचें जाहीर केलें. त्याच २०२२ सालीं पट्टा न लावल्यामुळें देशांत १६,७१५ माणसें मरण पावलीं अशी सरकारी नोंद आहे. त्यांत ८,३३१ चालक नव्हते, नुसते बसलेले होते. मागच्याचा निष्काळजीपणा मागच्यापुरताच राहतो असेंहि नाहीं. २००२ सालीं जपानी संशोधकांनीं ‘लॅन्सेट’ नियतकालिकांत दाखविलें कीं, मागचा माणूस बांधलेला नसेल तर पुढें पट्टा लावून बसलेल्याच्या मृत्यूचा धोका सुमारें पांच पट होतो. मानाच्या जागीं बसलेला वडील माणूस आपल्याच मुलावर शंभर फुटांवरून येऊन पडतो, असा ह्याचा अर्थ.

स्वतःच्या निवडीनें मापाबाहेर राहणाऱ्यांची ही गोष्ट झाली. निवड करण्यास ज्यांना वावच नाहीं, त्यांची गोष्ट ह्याहून मोठी आहे. सरासरी पुरुषाच्या पुतळ्यावर बेतलेल्या मोटारी स्त्रियांस तितक्याच राखतात असें नाहीं. पट्टा लावलेल्या स्त्रीचालकास गंभीर इजा होण्याचा संभव तशाच पुरुषापेक्षां ४७ टक्क्यांनीं अधिक असतो, असें अमेरिकेंतील एका अभ्यासांत २०११ सालीं आढळलें. सरासरी स्त्रीच्या मापाचा पुतळा स्वीडनमध्यें तयार होऊन पुढें आला तो २०२२ सालीं. म्हणजे मानवजातीच्या निम्म्या भागास आपल्या मापाचा पुतळा मिळण्यास पहिल्या पुतळ्यापासून सत्तरांहून अधिक वर्षें लागलीं.

आणि महामार्गाच्या कडेचीं माणसें? चारोटीहून उत्तरेस निघालें कीं तलासरी तालुका लागतो, आणि अच्छाडपाशीं महाराष्ट्र संपतो. ह्या साऱ्या पट्ट्यांत वारली, कोकणा, दुबळा, कातकरी ह्या लोकांची वस्ती आहे. पहांटे रस्त्यावर उभें राहून पाहावें: कोणी दुचाकीवर तिघे, कोणी पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यांत वीस जण उभे, कोणी डोक्यावर मोळी घेऊन रस्ता ओलांडीत. २०२२ सालीं भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरचीं आणि १९.५ टक्के पायीं चालणारीं होतीं. पायीं चालणाऱ्यास शास्त्र अगदींच विसरलें आहे असें नाहीं. डोक्याच्या आकाराचा गोळा मोटारीच्या बॉनेटवर आदळून तोच ‘हिक’ मोजण्याची चांचणी आहे. परंतु ती ताशीं ३५ किलोमीटर वेगाची. चारोटीच्या नाक्यावरून जाणारी मोटार ३५ नें कधीं जाते? पिकअपच्या हौद्यांत उभ्या असलेल्या माणसाचा तर पुतळाच नाहीं, कारण कायद्याच्या दृष्टीनें तेथें माणूस नसून माल असतो.

ह्याच तलासरीच्या भूमींत, झरी येथें, १९४५ च्या मे महिन्यांत वारली हजारोंनीं जमले आणि ह्यापुढें वेठ करणार नाहीं असें त्यांनीं ठरविलें. त्याच वर्षीं १० ऑक्टोबर रोजीं तलवाड्यास त्यांच्यावर गोळीबार होऊन पांच जण मेले. गोदावरी परुळेकरांनीं तो इतिहास लिहून ठेवलेला आहे. वेठीच्या व्यवस्थेंत वारल्याचा देह सावकाराच्या हिशेबांत होता, स्वतःच्या नव्हता. तो किती सोसेल हें सावकार ठरवी. आमच्या देहाचाहि हिशेब माणूस म्हणून झाला पाहिजे, ही त्या दिवशींची मागणी होती. ती मागणी रस्त्यावर अद्याप पुरी झालेली नाहीं.

म्हणून माझें म्हणणें दोन प्रकारच्या माणसांस दोन प्रकारचें आहे. ज्यांना आसन आहे, पट्टा आहे आणि वाचण्यास मासिक आहे, त्यांनीं मागें बसल्यावरहि पट्टा लावावा. पाहुण्यास बसवितांना तो आपल्या हातानें पुढें करावा, आणि ह्यांत त्याचा मान राखला जातो हें घरांतील मुलांस दाखवावें. मी त्या सप्टेंबरपासून हें करूं लागलों आहें. पहिले कांहीं दिवस संकोच वाटला, आतां वाटत नाहीं. आणि ज्यांच्या हातीं रस्ते, पूल आणि नियम आहेत, त्यांनीं हौद्यांत उभ्या असलेल्या माणसास बसण्याची जागा, मोळी घेऊन ओलांडणाऱ्या बाईस खालून किंवा वरून वाट, आणि गांवांतून जाणाऱ्या मोटारीस गांवाजोगा वेग द्यावा. ज्यांच्यासाठीं पुतळा करतां येत नाहीं, त्यांच्यासाठीं निदान एवढें तरी करतां येतें.

पुढच्या चैत्री पौर्णिमेस विवळवेढ्याकडे पुन्हां माणसें चालत येतील. सूर्येच्या पुलावरून मोटारी शंभरच्या वेगानें जातील, आणि त्यांच्या बाजूनें, एका हाताच्या अंतरावरून, मुलें कडेवर घेतलेलीं माणसें. त्यांच्या देहाची सोसण्याची शक्ति कोणत्याहि कोष्टकांत लिहिलेली नाहीं. पण ती ‘हायब्रिड तीन’पेक्षां अधिक असण्याचें कांहीं कारण नाहीं.